झाडाची तहान

तुमच्या घरी झाडे आहेत का? अंगण असेल तर एखादे पेरूचे किंवा कागदी लिंबाचे झाड असेल. अंगण नसेल तर गच्चीवर किंवा खिडकीच्या जाळीत चार कुंड्या तरी असतीलच. कुणाकडे तेलाच्या जुन्या डब्यात मेंदी लावलेली असते, कुणाकडे पुदिना, कुणाकडे गुलाब. या झाडांना पाणी घालण्याचे काम बहुतेक घरांत मुलांकडे असते. "झाडांना पाणी घातलंस का?" असे अम्मी विचारते आणि आपण तांब्या घेऊन धावतो. पण किती पाणी घालायचे आणि कधी घालायचे नाही, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे माझ्या हातून एक झाड मेले.

मी तेव्हा सातवीत होतो. आम्ही मराठवाड्यातील एका लहान शहरात राहत होतो. माझ्या मोठ्या बहिणीने, म्हणजे आपाने, अंगणातल्या कुंडीत मोगरा वाढवला होता. उन्हाळ्यात संध्याकाळी ती कळ्या खुडून वाटीभर पाण्यात ठेवी आणि रात्री सारे घर दरवळत असे. त्या वर्षी मे महिन्यात आपाचे लग्न झाले. सासरी निघताना तिने मला जवळ बोलावले आणि सांगितले, "माझा मोगरा सांभाळ. पाणी चुकवू नकोस."

मी पाणी चुकवले नाही. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, तरी माझे दोन तांबे चालूच होते. शब्द दिला होता ना! जुलैच्या शेवटी मोगऱ्याची पाने पिवळी पडू लागली. मग ती मलूल होऊन खाली लोंबू लागली. मला वाटले, झाडाला तहान लागली आहे. मी दोनाचे तीन तांबे केले. ऑगस्टमध्ये आपा माहेरी आली. आल्या आल्या ती कुंडीजवळ गेली. तिने खोडाला हात लावला, तर सारे झाड अलगद वर आले. त्याची मुळे काळी आणि मऊ झाली होती. मातीला कुजका वास येत होता. आपा रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "पाणी तर तू रोज घातलंस. मग?"

मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर मला पुढे थोडे पुस्तकांतून आणि बरेचसे एका शेतकऱ्याकडून मिळाले. तेच आज तुम्हांला सांगतो.

झाड मुळांनी पाणी पिते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. काही पोकळ्यांत पाणी असते, काहींत हवा. या हवेतील ऑक्सिजनवर मुळे श्वसन करतात. आपण पाणी घालतच राहिलो, तर सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवेला जागाच उरत नाही. मुळे गुदमरतात, मग कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून भोवती भरपूर पाणी असूनही वर पाने कोमेजतात. तहानलेले झाड आणि पाण्यात बुडालेले झाड वरून अगदी सारखे दिसते. माझी चूक झाली ती इथेच. मी फक्त पानांकडे पाहत होतो. मातीकडे पाहिलेच नाही.

आता झाड इतके पाणी घेऊन करते काय, तेही पाहू. झाडाच्या वाढीसाठी त्यातले फार थोडे खर्च होते. बाकीचे सारे पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन हवेत जाते. या छिद्रांना पर्णरंध्रे म्हणतात आणि या क्रियेला बाष्पोच्छ्वास. तुम्ही हे घरी करून पाहू शकता. सकाळी एखाद्या हिरव्या फांदीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि तोंड दोऱ्याने घट्ट बांधा. दुपारपर्यंत पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले दिसतील. हेच तुम्ही मे महिन्यातल्या रणरणत्या उन्हात केले आणि पुन्हा जुलैमधल्या ढगाळ दिवशी केले, तर थेंबांत केवढा तरी फरक दिसेल. ऊन कडक, हवा कोरडी आणि वारा सुटलेला असेल, तर पानांतून पाणी झपाट्याने उडते. आभाळ भरलेले आणि हवा दमट असेल, तर फारच कमी उडते. म्हणजे झाड तेच, कुंडी तीच, पण त्याची तहान ऋतूप्रमाणे बदलते. आपला तांब्या मात्र बारा महिने तोच राहतो!

मग आज पाणी हवे की नको, हे ओळखायचे कसे? याला यंत्र लागत नाही. मातीत बोट घाला. दुसऱ्या पेरापर्यंत बोट गेले पाहिजे. तिथे माती ओलसर आणि गार लागली, तर पाणी नको. कोरडी लागली, तर पाणी द्या. वरची माती पाहून फसू नका. उन्हाने वरचा थर तासाभरात सुकतो, पण खाली ओल असते. कुंडी लहान असेल, तर उचलून पाहा. पाणी असलेली कुंडी जड लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात भर दुपारी पुष्कळ झाडांची पाने मलूल होतात. मुळे पाणी ओढतात, त्याहून जास्त पाणी पानांतून उडत असते, म्हणून असे होते. संध्याकाळी ती पाने पुन्हा ताठ होतात. सकाळी सकाळीच पाने मलूल दिसली, तर मात्र मातीत बोट घालायलाच हवे.

आता ऋतूंकडे वळू. आपल्याकडे मार्चपासून ऊन तापू लागते. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. मुंबई, भिवंडी, रत्नागिरी या भागांत समुद्र जवळ असल्याने हवा दमट असते. तिथे घाम खूप येतो, पण झाडांच्या पानांतून पाणी त्या मानाने कमी उडते. म्हणून मालेगावच्या गच्चीवरील गुलाबाला जेवढे पाणी लागेल, तेवढेच मुंब्र्याच्या गुलाबाला लागेल असे नाही. कडक उन्हाळ्यात लहान कुंडीला रोज पाणी लागते, कधी दोनदाही लागते. जमिनीतल्या मोठ्या झाडाला मात्र रोज पाणी देऊ नये. रोज थोडे थोडे पाणी दिले, की वरचे चार बोटे मातीच भिजते आणि मुळेही वरच्या वर पसरतात. मग एक दिवस पाणी चुकले, की झाड मान टाकते. त्याऐवजी चार-सहा दिवसांनी, पण सावकाश आणि खोलवर पाणी मुरू द्यावे. मुळे पाण्यामागे खोल जातात. तिथे ऊन पोहोचत नाही.

पाणी कुठे घालायचे, यातही पुष्कळ लोक चुकतात. ते थेट बुंध्यावर पाणी ओततात. पाणी पिणारी बारीक मुळे बुंध्याशी फार थोडी असतात. दुपारी झाडाची सावली जिथपर्यंत पडते, त्या कडेच्या आसपास ती जास्त असतात. म्हणून आळे तेवढे रुंद करावे आणि बुंध्याला मातीची भर द्यावी, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही. लिंबाच्या जातीच्या झाडांना तर खोडाशी साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. खोडाची साल कुजते आणि तिच्यातून डिंक गळू लागतो.

उन्हाळ्यात पाणी सकाळी लवकर द्यावे. दुपारी दिलेले बरेचसे पाणी वाफ होऊन जाते. आळ्यात वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या पसरून ठेवल्या, तर माती झाकली जाते आणि ओल टिकते. याला आच्छादन म्हणतात. हे फुकटचे काम आहे, पण आपण पाला झाडून पेटवून देतो आणि मग टँकरची वाट पाहत बसतो.

टँकरवरून आठवले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या गाडीला 'जलदूत' असे नाव मिळाले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. ज्या घरात पिण्याचे पाणी मोजून वापरतात, तिथे झाडासाठी पाणी मागायला जीभ रेटत नाही. अशा वेळी आपल्याच घरात एकदा वापरलेले पाणी कामी येते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी आणि भाजी धुतलेले पाणी झाडाला चालते. वुजूचे पाणी एखाद्या घमेल्यात धरले, तर तेही चालते. त्यात साबण नसतो. कपडे धुतलेले साबणाचे पाणी मात्र कुंडीत ओतू नये. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणीही रोज देऊ नये. त्यात क्षार जास्त असतात. मातीवर पांढरी बुकटी जमलेली दिसली, तर ते क्षारच समजा.

पाणी फारच कमी असेल, तर मडके वापरा. साधे, भाजलेले, रंग न दिलेले मातीचे मडके घ्या. ते झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. मडक्याच्या अंगाला बारीक छिद्रे असतात, म्हणून तर त्यात पाणी गार होते. त्याच छिद्रांतून पाणी हळूहळू मातीत झिरपते. गंमत अशी, की भोवतालची माती ओली असली तर झिरपणे मंदावते आणि माती सुकली की वाढते. झाड हवे तेवढे घेते. ही युक्ती नवी नाही. चीनमधील दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या एका ग्रंथात ती सांगितलेली आहे.

जूनमध्ये पाऊस येतो आणि आपल्याला वाटते, सुटलो! पण पाऊस किती पडला, हे पाहायला हवे. सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि पाऊस थांबल्यावर त्यात पट्टी बुडवून पाहा. डब्यात १० मिलिमीटर पाणी साचले असेल, तर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर १० लिटर पाणी पडले, असा हिशेब आहे. म्हणजे पाऊण बादलीच्या आत-बाहेर. नुसती भुरभुर होऊन दोन मिलिमीटर पाणी पडले, तर दोनच लिटर. अंगण ओले दिसते, पण बोट घालून पाहिले तर खालची माती कोरडी असते. याच्या उलट चार दिवस झड लागली, तर कुंडीत पाणी तुंबते. म्हणून पावसाळ्यापूर्वी कुंडीच्या बुडाचे छिद्र काडीने मोकळे करा. आपाच्या मोगऱ्याच्या कुंडीचे छिद्र बुजले होते. मला ते शेवटपर्यंत कळले नाही. पावसात तो तांब्याही कशाला हवा होता?

कुंडीखालच्या बशीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकायला विसरू नका. डेंग्यू पसरवणारा डास असल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो.

आपल्या भागातला पाऊस लहरी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कधी दोन-दोन, तीन-तीन आठवडे तो दडी मारतो. ढग असतात, पण पाणी नसते. अशा वेळी 'पावसाळा आहे' म्हणून हातावर हात ठेवून बसू नये. छपराखालच्या आणि सज्जातल्या कुंड्यांना तर भर पावसातही पाणी मिळत नाही. ज्याला पाऊस लागतच नाही, त्याला पावसाळा कसला?

सप्टेंबर संपतो, पाऊस परततो आणि ऑक्टोबरचे ऊन चटका देऊ लागते. माझ्या मते झाडांना सर्वांत फसवा महिना हाच. चार महिने पाणी घालायची आपली सवय मोडलेली असते. झाडावर पावसात फुटलेली भरपूर नवी पाने असतात, म्हणजे पाणी उडण्याची जागाही वाढलेली असते. काळी माती या दिवसांत आकसू लागते आणि तिला भेगा पडतात. अशा भेगाळलेल्या जमिनीत एकदम पाणी सोडले, तर ते भेगांतून सरळ खाली निघून जाते. आधी खुरप्याने वरची माती हलवून भेगा बुजवा, मग सावकाश पाणी द्या. कोकणातल्या तांबड्या जांभ्या जमिनीचे वेगळे आहे. तिच्यात पाणी थांबत नाही. तिथे पाणी थोडे पण लवकर लवकर द्यावे लागते.

आता राहिला हिवाळा. इथे मला ते शेतकरी काका आठवतात. ते अब्बांचे मित्र. जालना जिल्ह्यात त्यांची मोसंबीची बाग होती. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध आहे, हे तुम्ही ऐकले असेल. मोगरा मेल्यानंतरच्या डिसेंबरमध्ये मी अब्बांबरोबर त्यांच्या शेतावर गेलो. पाहतो तर काय, विहिरीला पाणी होते, पण बागेतली माती कोरडी ठक्क होती. झाडांची पाने मलूल झाली होती आणि काही गळून खाली पडली होती. मला राहवले नाही.

"काका, झाडं मरतील! पाणी का देत नाही?"

काका हसले. "बाळा, मी त्यांना ताण दिलाय. आता पाणी दिलं, तर नुसती पालवी फुटेल. थोडे दिवस उपाशी ठेवलं, की ती फुलतील."

मला ते खरे वाटेना. पण तसेच होते. पाणी तोडले की झाडाची वाढ थांबते. पानांत तयार झालेले अन्न नव्या पालवीवर खर्च न होता फांद्यांत साठते. मग पुन्हा पाणी मिळाले की त्याच फांद्यांवर फुले येतात. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या या फुलोऱ्याला आंबे बहार म्हणतात. पाऊस लागल्यावर येतो तो मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो तो हस्त बहार. शेतकरी यांपैकी एकच बहार धरतो, कारण तिन्ही घेतले तर झाड खचते. ताण किती दिवस द्यायचा, हे जमिनीवर ठरते. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, काळ्या जमिनीत वेळ लागतो. झाडाची थोडी पाने गळाली, की ताण पुरे झाला असे समजतात. त्याहून पुढे ताणले तर झाड वाळते. आणि ताण तोडताना एकदम भरपूर पाणी देत नाहीत. पहिले पाणी हलके असते. त्याला आंबवणी म्हणतात. तीन-चार दिवसांनी दुसरे जरा जास्त, त्यानंतर नेहमीसारखे.

काका बोलत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे माझे तीन तांबे येत होते. मी विचारले, "मोगऱ्यालाही असंच असतं का?"

"मोगऱ्याला तर असतंच. थंडीत त्याला झोपू द्यायचं."

निघताना काकूंनी त्यांच्या दारातल्या मोगऱ्याची मुळे फुटलेली एक फांदी ओल्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिली.

हिवाळ्यात सगळ्याच झाडांना असे उपाशी ठेवायचे नसते. गुलाब, शेवंती, झेंडू थंडीत फुलतात. त्यांना बोटाने माती पाहून पाणी द्यावेच लागते. नुकतेच लावलेले लहान रोप कोणत्याही ऋतूत ताणावर ठेवू नये. कोरफडीला मात्र थंडीत पंधरा-पंधरा दिवस पाणी दिले नाही, तरी ती तक्रार करत नाही. या दिवसांत ऊन कोवळे असते आणि पाणी कमी उडते. म्हणून उन्हाळ्यात रोज पाणी पिणारी कुंडी आता तीन-चार दिवसही थांबते. पाणी सकाळी ऊन आल्यावर द्यावे, म्हणजे रात्रभर गारठलेल्या मातीत चिखल राहत नाही.

काकूंनी दिलेली ती फांदी जगली. आज माझ्या गच्चीवर जो मोगरा आहे, तो तिच्याच फांदीपासून वाढवलेला आहे. डिसेंबर लागला की मी त्याचे पाणी तोडतो. जानेवारीत फांद्या छाटतो, पाने खुडतो आणि मातीत शेणखत मिसळतो. तेव्हा त्याच्या नुसत्या काड्या उरतात. गेल्या जानेवारीत आपा आमच्याकडे आली होती. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. गच्चीवर कपडे वाळत घालताना तिची नजर त्या काड्यांवर गेली.

"अरे, पुन्हा मारलास का?"

"नाही आपा, झोपलाय."

आपाने काही न बोलता कुंडीतल्या मातीत बोट घातले. मग जिन्याजवळचा तांब्या उचलून तिने तो माझ्या हाती न देता खाली, बादलीशेजारी नेऊन ठेवला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी मोगऱ्याला पहिले हलके पाणी दिले आणि आपाला फोन करून तसे कळवले.